आगीला दाखवलेली दांडी

माझ्या उस्तादांना मी ओळखायला लागलो तेव्हाच त्यांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू, आणि त्याला ते कुणाला हात लावू देत नव्हते. उजेड कळायचा, समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं. तरी अंबडपासून परतूरपर्यंत ज्या थोड्या मोटारी आणि ट्रक तेव्हा होते, त्यांची पुढची चाकं बिघडली की मालक त्यांच्याकडेच यायचे.

जालन्यात अंबडच्या रस्त्याला, एका कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांची पत्र्याची शेड होती. जागा एका मारवाडी शेठजींची. शेठजींच्या दोन मोटारी आणि एक ट्रक उस्तादांनी सांभाळायचा, त्या बदल्यात शेड वापरायची, असं तोंडी ठरलेलं. उस्ताद मूळचे हैदराबादचे, तिथे एका जहागीरदाराच्या मोटारी बघायचे. शेडमध्ये पूर्वी त्यांचे दोन कारागीर होते. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ते गाव सोडून गेले आणि परतले नाहीत. उस्ताद राहिले. का राहिलात, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गाड्या इथंच हायत की."

त्या दोन कारागिरांच्या जागी मी लागलो. माझं घर कुंभार पिंपळगावचं, शेतीचं. भाऊ शेतात रमले, मी रमलो नाही. एकविसाव्या वर्षी जालन्यात आलो आणि पुढची सहा-सात वर्षं उस्तादांचे डोळे झालो.

लोकांना वाटतं, मोटारीची पुढची दोन चाकं अगदी सरळ, एकमेकांना समांतर असतात. तसं नसतं. उस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "गाडी उभी हाय तवर चाकं जराशी एकमेकाकडं बघतेत. गाडी पळायला लागली की ती उघडतेत, मंग सरळ बघतेत. उभ्या गाडीत सरळ ठेवलीस तर पळताना एक इकडं बघंल, एक तिकडं."

हे किती बघायचं, याचं त्यांचं माप ज्वारीच्या दाण्याचं होतं. गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलायचा, चाक फिरवत टायरच्या मधोमध खडू लावायचा आणि त्या खडूवर खिळ्यानं एक बारीक रेघ ओढायची. मग गाडी खाली घ्यायची, चार हात पुढे ढकलून चाकं जमिनीवर बसू द्यायची. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत बांबूची काठी आडवी धरून मागून मोजायचं, मग पुढून मोजायचं. पुढचं अंतर एका दाण्याइतकं कमी आलं की काम बराबर. त्याहून जास्त असेल तर टायर आतून बाहेरून खरवडत जातं, गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी चालते.

माप मी घ्यायचो. पण शेवटचा शब्द उस्तादांच्या हाताचा असे. गाडी आली की ते पुढच्या चाकापाशी बसत आणि टायरवरून तळहात फिरवत, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. मांजराच्या पाठीवर उलटा हात फिरवल्यासारखं एका बाजूनं जर टोचलं, तर चाक तिरपं चाललंय हे त्यांना कळे; कोणत्या बाजूला आणि साधारण किती, तेही कळे. काम झालं की ते दुरुस्त केलेल्या प्रत्येक जागेवरून बोटं फिरवत आणि म्हणत, "बराबर." तो शब्द ऐकल्याशिवाय आमच्या शेडमधून गाडी बाहेर पडत नसे.

त्यांचा एक नियम मात्र फार कडक होता. सुकाणूशी संबंध असलेलं लोखंड आगीला दाखवायचं नाही. आमच्याकडे एक छोटा भाता होता, तो गाडीखालच्या कमानीच्या लोखंडी पाट्यांसाठी. चाकं वळवणाऱ्या दांड्यांना त्याच्याजवळसुद्धा न्यायचं नाही. वाकल्या तर शिकंज्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरून थंडच, हळूहळू सरळ करायच्या, आणि बाक मोठा असेल तर औरंगाबादेहून नवीन मागवायची. "लाल केलेल्या लोखंडाचा भरवसा न्हाई," ते म्हणत. "वरून सरळ दिसतंय. आतून ते आता दुसरंच लोखंड असतंय."

दिवाळी होऊन महिना उलटला होता. शुक्रवार होता. दुपारचे बारा वाजायला आले असतील, एक काळी मोटार रस्त्यावरून घसटत, मोठा आवाज करत शेडपाशी आली. पुढची दोन्ही चाकं बदकाच्या पायांसारखी फाकलेली. गाडीत बीडचे एक वकील आणि त्यांची आई. जालन्यात कुणा नातलगाकडे दहाव्याला आले होते, परत निघताना गावाबाहेर मोरीच्या दगडावर पुढचा भाग आदळला.

मी खाली शिरून बघितलं. दोन चाकांना जोडणारी आडवी दांडी, आम्ही तिला टायरॉड म्हणायचो, ती मधोमध धनुष्यासारखी वाकली होती.

उस्तादांनी बोटं लावून बाक पाहिला. "मोठा हाय," ते म्हणाले. "नवी मागवावी लागंल. परवा येईल."

"मला उद्या अकराला कोर्टात उभं राहायचंय," वकील म्हणाले. "काहीतरी करा. आजच्यापुरतं तरी."

उस्तादांनी बाकावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, "शिकंज्यात धरून बघतो. पण वेळ लागंल. संध्याकाळ होईल. तरी जमलं न्हाई तर न्हाईच म्हणीन." आणि माझ्याकडे वळून, "तू काढायला घे. मी नमाजला जाऊन येतो. मंग दोघं मिळून बघू."

ते काठी टेकत मशिदीकडे गेले. मी दांडी सोडवली, शिकंज्यात धरली आणि जोर लावला. अर्धा तास लावला. दांडी अंगठ्याच्या नखाएवढी हलली असेल. वकील दर पाच मिनिटांनी येऊन उभे राहायचे आणि घड्याळ बघायचे. म्हणाले, "तुमचे उस्ताद नसताना तुम्हाला जमत नाही का?"

आज इतक्या वर्षांनी मी त्या एका वाक्यावर सगळं ढकलत नाही. पण ते मला लागलं होतं, हे खरं. मी सत्तावीस वर्षांचा होतो. गावात लोक मला 'उस्तादांचा माणूस' म्हणायचे, मला माझं नाव कुणी विचारत नसे.

मी भाता पेटवला.

दहा मिनिटांत दांडी मधोमध लाल झाली. ऐरणीवर चार घाव घातले आणि ती सुतासारखी सरळ झाली. घाई होती म्हणून मी तिला पाण्याच्या टाकीत बुडवली. मोठा चर्र आवाज आला, वाफ तोंडावर आली. बाहेर काढली तेव्हा जिथं ती लाल झाली होती तिथं वीतभर लांबीचा निळसर-जांभळा पट्टा उमटलेला होता. कुठल्याही कारागिरानं बघितला असता तर ओळखला असता. मी तो पट्टा घासला. गेला नाही. मग गाडीच्या चासीला, खालच्या सांगाड्याला, द्यायचा काळा रंग होता, तो मी सगळ्या दांडीवर दिला.

दांडी बसवून मी चाकांचं माप घेतलं. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अचूक माप असेल. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बरोबर एक दाणा.

वकिलांची आई तेवढा वेळ समोरच्या लिंबाखाली सतरंजीवर बसली होती. पांढरं पातळ, कपाळ आणि हात मोकळे, सत्तरीची असेल. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा तिनं गाठोडं सोडून मला दोन धपाटी दिली.

"खा. सकाळपास्नं काम करून राह्यलास," ती म्हणाली. मी उभ्याउभ्याच खाल्ली. "आमच्या पोराला कोर्टातलं कळतं, गाडीतलं काय बी कळत न्हाई. नीट झालं ना रे बाबा?"

"झालं, माय," मी म्हणालो.

उस्ताद अडीचच्या सुमारास आले. गाडी चाकांवर उभी बघून, म्हणजे तिचा काळा आकार जमिनीला लागलेला बघून, त्यांना नवल वाटलं. "जल्दी झालं?"

"वाटला तेवढा बाक नव्हता, उस्ताद."

ते गुडघ्यावर बसले, पुढे झुकून हात खाली घातला आणि दांडीवरून बोटं फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्ये थांबले. "ओली हाय."

"रंग दिला. गंजू नये म्हणून."

"थंडच सरळ केलीस ना?"

"हो."

त्यांनी बोटांना लागलेला रंग लुंगीला पुसला. मग म्हणाले, "बराबर." आणि गाडी गेली. म्हातारीनं मागच्या काचेतून आमच्याकडे बघून हात जोडले, ते मला अजून दिसतं.

चौथ्या दिवशी शहागडकडून एक ट्रकवाला पाटा बदलायला आला. काम चालू असताना सहज बोलावं तसं तो बोलला, "शहागडच्या अलीकडं एक काळी मोटार रस्ता सोडून खाली गेल्ती. पुढचं चाक आडवंच झाल्तं म्हणतेत. म्हातारी होती म्हणे कोणी आत, ती गेली."

मी पाना फिरवायचा थांबलो. उस्ताद बाजेवर बसलेले होते. "कोणाची गाडी?" त्यांनी विचारलं.

"काय म्हाईत. मी गेल्तो तवा लोकं उचलून राह्यले व्हते. काळी होती एवढं बघितलं."

उस्ताद बाजेवर सरळ होऊन बसले. मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "आपली नसंल. आपली बराबर होती. मी हात फिरवला होता."

शहागड आमच्यापासून काही फार लांब नव्हतं. बसमध्ये बसलो असतो तर दुपारपर्यंत कळलं असतं. मी गेलो नाही. गेलो नाही तोवर ती म्हातारी जिवंतही होती आणि मेलेलीही होती, आणि मला त्या दोन्हींच्या मध्ये राहायचं होतं.

पण तसं राहता येत नाही. भर दुपारी लिंबाखाली कुणी गिऱ्हाईक बसलं की मला पांढरं पातळ दिसायचं. जवळ गेलं की शेठजींचा मुनीम असायचा, नाहीतर कुणी शेतकरी. शेडमध्ये पाण्याच्या टाकीत काही बुडवलं की तो चर्र आवाज माझ्या कानात दोन-दोन तास राहायचा. धपाटी मला खाता येईनात. बायको विचारायची आणि मी पोट बिघडलंय म्हणायचो. सगळ्यात वाईट म्हणजे माझी मापं बिघडली. काठी धरली की पुढच्या-मागच्या अंतरातला फरक एकदा एक दाणा यायचा, एकदा दोन, एकदा शून्य. मी पुन्हा मोजायचो. दहा-दहा वेळा मोजायचो. तासाभराच्या कामाला दिवस लागू लागला. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली.

उस्तादांना ते उलटंच वाटलं. एका संध्याकाळी शेड बंद करताना म्हणाले, "आता तू खरा कारीगर झालास. घाई गेली तुझी. माझ्यानंतर फिकर न्हाई."

त्या बोलण्यानं माझा बांध फुटला. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. भाता, लाल दांडी, पाणी, निळा पट्टा, रंग. म्हातारीला काय म्हणालो तेही सांगितलं.

मला वाटलं होतं ते रागावतील, हाकलून देतील. त्यांनी तसं काही केलं नाही. स्वतःचा उजवा हात वर केला आणि डोळ्यांजवळ धरला, जणू तो त्यांना दिसणार होता. बराच वेळ तसा धरून बसले.

"डोळे गेले तवा मी म्हणलो, हात हाय," ते म्हणाले. "तू माझ्या हाताशी खोटं बोललास."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते मागे घेतले, रागानं नाही, नुसतेच मागे घेतले.

"'बराबर' मी म्हणलो ना? मंग गाडी माझी. उद्या पहिल्या बसनं जायचं. तुला भेव वाटत असंल तर मला बसवून दे, मी विचारत विचारत जाईन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसमध्ये बसलो. माघाचा महिना होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी काढायला आलेली. उस्ताद खिडकीशी बसले होते आणि सगळा वेळ हात मांडीवर उताणा ठेवून होते. अंबड गेलं. शहागडच्या दोन कोस अलीकडे कंडक्टरला सांगून आम्ही उतरलो, कारण मोटार तिथेच पडलीय असं अंबडच्या स्टँडवर एकानं सांगितलं होतं.

रस्त्याच्या खाली ज्वारीच्या रानात ती पडलेली होती. एका कुशीवर, सांगाडाच नुसता. दारं, काचा, चाकं, इंजिन, सगळं काढून नेलेलं. रंग काळा. पुढे चाकांच्या जागी बघितलं तर आस नव्हता, दांडीही नव्हती. नंबराची पाटीही कुणीतरी नेली होती. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिलो. जे बघायला आलो ते तिथं नव्हतंच.

उस्ताद त्या पत्र्यावरून हात फिरवत फिरवत मागे गेले. मागची बैठक फाटलेली, पण जागेवर होती. तिच्या खाचेत त्यांची बोटं गेली आणि थांबली. त्यांनी काहीतरी चिमटीत धरून वर काढलं आणि माझ्यापुढे केलं. "काय हाय हे?"

बांगडीचा तुकडा होता. हिरव्या बांगडीचा.

मला एकदम रडू फुटलं. "उस्ताद, ही ती गाडी न्हाई. त्या माईच्या हातात बांगड्या नव्हत्या. ती विधवा होती." मी हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही. अंगातून कुणीतरी दोन महिन्यांचं ओझं उतरवून घेतल्यासारखं झालं. मी त्यांचा हात धरला. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही बदललं नाही. ते त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिले. आणि मग मला कळलं की मी कशावर हसतोय.

रानात एक शेतकरी ज्वारी काढत होता. आम्हाला बघून तो विळा घेऊन आला.

"तुमच्या नात्यातली व्हती का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," उस्ताद म्हणाले. "आम्ही गाड्या दुरुस्त करतो. कोण होतं आत?"

"नवी नवरी व्हती. लग्न होऊन सा महिने बी झाले न्हवते म्हणतेत. सासरी चालल्ती. तिचा दीर गाडी चालवत व्हता, त्याला लई लागलं न्हाई. ती तिथंच गेली." त्यानं रस्त्याकडे बोट दाखवलं. "मी त्या बांधावर व्हतो. गाडी सरळ येऊन राह्यली व्हती, एकदम खाली वळली. पळत गेलो तर पुढची चाकं, एक इकडं बघून राह्यलं व्हतं, एक तिकडं."

उस्ताद बांधावर बसले. "कोणीकडनं आल्ती गाडी?"

"जालन्याकडनंच."

शेतकऱ्यानं आम्हाला पाणी दिलं. मग आम्ही रस्त्यावर येऊन पुढची बस धरली, कारण उस्ताद म्हणाले, बीडला गेल्याशिवाय परत जायचं नाही. गोदावरी ओलांडताना त्यांनी तो तुकडा नदीत टाकला.

बीडला कोर्टाच्या आवारात विचारत वकिलांचं घर सापडलं. अंगणात पत्र्याखाली ती काळी मोटार उभी होती. आणि ओट्यावर सुपात डाळ निवडत म्हातारी बसली होती. मला बघितल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं. "अगं बाई, हा जालन्याचा," ती म्हणाली. "ये बस. इकडं कसा आल्तास?"

मी अंगणातच उभा राहिलो. वकील बाहेर आले. मी उभ्यानंच त्यांना सगळं सांगितलं. सांगताना मी त्यांच्या आईकडे बघत नव्हतो, पण ती ऐकत होती.

वकील पहिल्यांदा गोंधळले. "पण गाडी तर उत्तम चालतेय. दोनदा औरंगाबादला जाऊन आलो. गेवराईला तर दर आठवड्याला जातो."

"दांडी काढून बघू द्या," उस्ताद म्हणाले.

हत्यारं आम्ही सोबत आणली होती. मी दांडी काढून ओट्याच्या कडेला ठेवली. रॉकेलच्या फडक्यानं रंग पुसला. निळा पट्टा तसाच होता. वकील वाकून बघू लागले. "रंग बदललाय, एवढंच ना?"

उस्तादांनी दांडी मांडीवर घेतली. बोटांनी नाही, अंगठ्याच्या नखानं ते तिच्यावरून जाऊ लागले, तांदूळ निवडावेत तसे सावकाश. पट्ट्याच्या मध्यावर नख थांबलं. त्यांनी माझं बोट धरून तिथं नेलं. मला काही लागलं नाही. "नख लाव," ते म्हणाले. मग लागलं. केसाएवढी चीर, दांडीच्या अर्ध्या घेरात फिरलेली.

वकिलांनीही नख लावून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. "हे किती दिवस टिकलं असतं?"

"सांगता येत न्हाई," उस्ताद म्हणाले. "उद्या गेलं असतं. न्हाई तर दोन वर्सं बी चाललं असतं."

"माझी आई मागं बसते," वकील मला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. तेवढंच म्हणाले. मग उस्तादांकडे वळून म्हणाले, "तुम्ही आला नसतात तर आम्हाला हे कधी कळलं नसतं. मोडली असती तरी दगडावर आदळली होती म्हणूनच मोडली, असं आम्ही म्हटलं असतं."

"तुम्ही तसंच म्हणला असता," उस्ताद म्हणाले.

म्हातारीनं ओट्यावरून विचारलं, "काय झालं रे? काय मोडलं?"

"काही नाही, आई. जुनं झालं होतं," वकील म्हणाले. तिला त्यांनी कधी खरं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण ती सगळं ऐकत होती, हे मी आधी सांगितलंच. तिनं मला जेवायला थांब म्हटलं नाही. चहा मात्र आला.

आठ दिवसांनी औरंगाबादेहून नवी दांडी आणून मी एकटाच बीडला जाऊन ती बसवली. चाकांचं माप घेताना वकील माझ्या डोक्याशी उभे होते. काठी त्यांनी स्वतः धरून बघितली. त्यानंतर ती गाडी आमच्याकडे कधी आली नाही. येण्याचं कारणही नव्हतं.

मला वाटलं होतं, चूक कबूल केली, निस्तरली, आता सुटलो. म्हातारी लिंबाखाली दिसायची थांबली, हे खरं. पण शेडमध्ये वेगळंच काहीतरी आलं. उस्ताद रोज यायचे, बाजेवर बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, पण चाकाला हात लावेनात. गाडी तयार झाली की मी म्हणायचो, "उस्ताद, जरा बघता का?" ते म्हणायचे, "तूच बघ. तुझं काम हाय." 'बराबर' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. एकदा फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "त्या रानातली गाडी बी कोणी तरी केलीच असंल. त्यानं बी हात फिरवला असंल. जालन्याकडनं आल्ती म्हणला ना तो? दिवाळीच्या टायमाला माझ्या हाताखालून किती काळ्या गाड्या गेल्या, मी मोजत होतो का?"

"आपली नसंल, उस्ताद."

"तू तरी शपथ घेऊन सांगशील का?"

मी सांगू शकलो नाही. त्या दिवाळीत लग्नसराईच्या आधी चाकं बघून घ्यायला पुष्कळ गाड्या आल्या होत्या. मी स्वतः मोजमाप घेतलं होतं, चांगलं घेतलं होतं. पण चांगलं घेतलं होतं असं मला त्या दांडीच्या बाबतीतही वाटलंच होतं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास उस्ताद परभणीला त्यांच्या मुलीकडे राहायला गेले. शेड माझ्याकडे आली. जाताना त्यांनी त्यांची बांबूची काठी आणि खिळा माझ्या हातात दिला. परभणीहून त्यांचं पोस्टकार्ड यायचं, नातवाच्या अक्षरात. पाऊस, तब्येत, माझ्या घरच्यांची विचारपूस, आणि शेवटी दरवेळी एकच ओळ: त्या पोरीचं काही कळलं का?

मी विचारत राहिलो होतो. शहागडकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांना, अंबडच्या स्टँडवर, बाजाराच्या दिवशी पिंपळगावच्या लोकांना. कुणी म्हणायचं गाडी औरंगाबादकडची होती, कुणी म्हणायचं परतूरची. अपघाताचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. मग एका पावसाळ्यात अंबडचा एक ड्रायव्हर चाकं बघायला आला. बोलता बोलता तो विषय निघाला. तो मला म्हणाला, "ती गाडी? दिवाळीत तुमच्याकडंच आल्ती ना? त्या दिरासंगं मीच आल्तो की तवा. म्हाताऱ्या उस्तादांनी हात फिरवून बघितलं होतं."

मी त्याला आणखी विचारलं. कोणत्या दिवशी, काय काम होतं, नंतर दुसरीकडे कुठे दुरुस्ती केली का. त्याला नीट आठवत नव्हतं. मध्ये एकदा गाडी खड्ड्यात गेली होती आणि वाटेतल्या कुणीतरी लोहारानं काहीतरी ठोकलं होतं, असंही तो म्हणाला. मग म्हणाला, कदाचित ती दुसरी गाडी असेल.

त्या आठवड्यात पोस्टकार्ड आलेलं होतं. शेवटची ओळ तीच होती. मी दोन दिवस शेडमध्ये ते कार्ड समोर ठेवून बसलो. शेवटी लिहिलं की इकडे पाऊस बरा आहे, शेठजींचा नवा ट्रक आला आहे, आणि त्या पोरीचं काहीच कळलं नाही, आता कळेल असं वाटतही नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

महिन्याभरानं परभणीहून कार्ड आलं, ते त्यांच्या मुलीच्या अक्षरात होतं. उस्ताद गेले होते. माझं पत्र त्यांच्यापर्यंत पोचलं होतं का, कुणी त्यांना ते वाचून दाखवलं होतं का, हे मी तिला विचारलं नाही.